फटफटीचा मागचा ब्रेक

फटफटी नापास झाली हे मावशीला कागद वाचून कळलं नाही, तपासनिसाच्या तोंडाकडे बघूनच कळलं. चाळीस वर्षं लोकांच्या अंगावर कपडे बेतलेल्या बाईला तोंडं वाचता येतात. गिऱ्हाईक "छान झालंय हो" म्हणतं, आणि काखेत घट्ट होतंय हे त्याच्या भुवयांवर लिहिलेलं असतं. हा तपासनीसही तसाच भुवया वर करून, हातातला कागद उगाच खालीवर करत उभा होता.

"काय ते बोला की," मावशी म्हणाली. "तोंडात गुळणी धरल्यासारखे उभे राहू नका."

तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे कात्री. कपडे शिवण्याचं दुकान होतं म्हणून कात्री, असं म्हणणारे भित्रे. खरं कारण जिभेचं होतं. मावशीला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बोथट म्हणवून घेण्यापेक्षा बरं.

तिच्या शेजारी सून उभी होती, हेल्मेट पोटाशी धरून. ती फारशी बोलायची नाही. फटफटी चालवायची ती, आणि फटफटी होती मावशीच्या नावावर. मावशीच्या नवऱ्याने ती घेतली त्याला एकतीस वर्षं झाली, म्हणजे फटफटी मावशीच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी. नवरा गेला, मुलगा जहाजावर नोकरीला लागला आणि आठ-आठ महिने पाण्यावर राहायला लागला. घरात उरल्या या दोघी, शिलाईची दोन मशिनं आणि ही. मोठ्या दवाखान्याच्या सगळ्या नर्सांचे गणवेश मावशीच्या दुकानात शिवले जायचे. दर बुधवारी नि शनिवारी नवे पोचवायचे, फाटके घेऊन यायचे. गल्ली इतकी अरुंद की दुसरं कुठलं वाहन आत शिरत नाही, आणि गठ्ठे इतके जड की खांद्यावरून नेले तर दवाखान्यातच भरती व्हावं लागेल. फटफटी थांबली की दुकान थांबलं, इतकी सरळ गोष्ट.

आणि नियम असा होता की तीस वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी. एकदा नापास झाली तर पंधरा दिवसांची मुदत. दुसऱ्यांदा नापास झाली तर नंबराची पाटी तिथेच स्क्रूसकट काढून घेतात आणि गाडी भंगारात.

"पाच ठिकाणी शेरा आहे," तपासनीस म्हणाला. वयाने मावशीच्या मुलाएवढा, हातात रबरी मोजे, चष्मा नाकाच्या टोकावर. "एक, हेडलाइट वर बघतोय."

"म्हणजे?"

"उजेड रस्त्यावर पडत नाही. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो."

"मग आम्ही येतोय हे त्याला दिसायला नको?"

तपासनिसाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रोज असली माणसं भेटत असणार. "दोन, मागचं टायर. नक्षी अजून शिल्लक आहे, पण बाजूला भेगा पडल्यात."

"माझ्या टाचांनाही पडल्यात. मी चालते ना?"

"तीन, हँडलचं बेअरिंग." त्याने पुढचं चाक उचलून धरलं आणि हँडल या बाजूचं त्या बाजूला केलं. मधोमध येताच ते 'टुक' करून अडकलं. "बघा. सरळ रेषेत आलं की खाचेत बसतं."

"आमचे हे होते तेव्हापासून बसतंय. हे कधी वाकड्या वाटेने गेले नाहीत. हँडलला सरळ जायची सवय आहे."

रांगेत मागे उभा असलेला एक माणूस फसकन हसला. मावशीने वळून बघितलं आणि त्याचं हसू घशातच राहिलं.

"चार, पायाचा ब्रेक दाबला की मागचा दिवा लागत नाही. बटण गेलंय. ही किरकोळ कामं आहेत, बाई. जुन्या गाड्यांची हीच दुखणी असतात. दिवसाला दहा गाड्या अशा येतात. यासाठी मी कुणाला अडवून ठेवत नाही." मग त्याने चष्मा वर ढकलला. "पण पाचवं वेगळं आहे. मागचा ब्रेक."

"काय झालं त्याला?"

"काही झालं नाही, तो नाहीच आहे. रोलरवर चाक फिरवून मोजलं. पुढचा ब्रेक धरतो. मागचा मी सगळा भार देऊन दाबला, काटा जागचा हलला नाही. पॅडल आहे, ते नावाला." त्याने कागदावर लाल शिक्का मारला. धोकादायक. "ही इथून चालवत नेता येणार नाही. ढकलत न्या."

मावशीचं डोकं फिरलं. "दर रविवारी या हातानं पुसते मी तिला! तेलपाणी करते. घरातल्या माणसाचं होत नाही इतकं तिचं होतं. आणि तुम्ही काल आलेले, मोजे घालून दोन मिनिटं हात लावलात आणि धोकादायक? सीट बघितलीत का? सीटला काय नाव ठेवलंत?"

तपासनिसाने खरंच वाकून सीट बघितली. "सीटला शेरा नाही. सीट उत्तम आहे."

"दुहेरी शिलाई आहे. आतून पट्टी."

"सीटच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही," तपासनीस म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

केंद्रापासून गल्ली पाऊण तासाच्या वाटेवर. सुनेने हँडल धरलं, मावशीने मागून रेटा दिला. ऊन डोक्यावर. मावशीला राग आला की ती गप्प बसत नसे आणि दमली की जास्तच बोलत असे, त्यामुळे त्या पाऊण तासात कुणीच सुटलं नाही. तपासनिसाच्या सात पिढ्या झाल्या. ज्याने रोलर बनवला त्याची झाली. मग ज्याने गेल्या वर्षी गाडी दुरुस्त केली होती त्या मिस्त्रीची झाली. आणि शेवटी, पूल चढताना, जी समोर होती तिची पाळी आली.

"तू चालवून चालवून घालवलास ब्रेक. पाय असाच ठेवून देतेस पॅडलवर. मला मागे बसून कळत नाही का? ह्यांनी बावीस वर्षं चालवली, कधी ब्रेकची तक्रार नाही. नाचता येईना अंगण वाकडं."

सुनेचे खांदे तेवढे ताठ झाले. ती ढकलत राहिली.

ही म्हण तिने पहिल्यांदा ऐकली नव्हती. दीड महिन्यापूर्वी, न्हाव्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावर, तीच म्हण सगळ्या गल्लीने ऐकली होती. त्या दिवशी बावीस गणवेश बांधून सून निघाली. कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला. तिने मागचा ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. घाबरून पुढचा ओढला, पुढचं चाक घसरलं, आणि सून एकीकडे, फटफटी एकीकडे, पांढरे शुभ्र गणवेश गटारात. कोपर सालपटून निघालं. मावशी दुकानातून धावत आली, तिने आधी गणवेश उचलले, मग फटफटी उभी केली आणि मग तोंड सोडलं. न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आलेला. चांभार ऐरण सोडून उठलेला. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून निम्मी बाहेर.

"ब्रेक लागला नाही, आई," सून रस्त्यात बसूनच म्हणाली होती.

"लागला नाही की लावला नाहीस? गाडी चालवता येत नाही तर सांगावं तसं. नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं!"

त्यावर गल्ली हसली होती. कात्री चालली की बघणाऱ्यांना मजा येतेच, कापड दुसऱ्याचं असेपर्यंत. सुनेने त्या रात्री कोपराला फडकं बांधून बावीसच्या बावीस गणवेश पुन्हा धुतले, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री करून पोचवले. फटफटी मिस्त्रीला दाखवू या, असं ती दोनदा म्हणाली. मावशी म्हणाली, त्याच्याकडे गेली की गाडी तीन दिवस अडकते, आणि दुखणं गाडीत नाहीच तर त्याला दाखवायचं काय, तुझे पाय?

मिस्त्रीचं दुकान पुलाच्या उतरणीवर होतं. तो मावशीच्या नवऱ्याचा दोस्त. पाठीला बाक आलेला, नखं कायमची काळी. दोघींना घामाघूम होऊन फटफटी ढकलत येताना बघून त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मावशीने पाणी घेतलं नाही.

"तुझ्यामुळे आज माझी शोभा झाली," ती म्हणाली. "गेल्या वर्षी काय दुरुस्त केलंस रे? मागचा ब्रेक नाहीच म्हणतोय तो. शिक्का मारलाय लाल. ह्यांचा मित्र म्हणून विश्वासाने गाडी दिली. असली मैत्री काय चाटायची आहे?"

"गेल्या वर्षी ब्रेकचे नवे लायनर टाकलेत, वहिनी. अजून दोन वर्षं बघायला नको होते."

"मग कुठे गेले? उंदरांनी खाल्ले?"

"उघडून बघू या की."

त्याने चाक काढलं. सावकाश, कारण त्याची पाठ सावकाशच वाकायची. मावशी त्याच्या डोक्यावर उभी राहून सांगत होती की आजकाल कुणालाच काम येत नाही. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी. ड्रम निघाला आणि मिस्त्रीने आतले दोन अर्धगोल लायनर बाहेर काढले. ते कोरडे, राखाडी, खरखरीत असायला हवे होते. उन्हात ते चमकत होते. मिस्त्रीने अंगठा फिरवला, अंगठा बर्फावरून गेल्यासारखा घसरला. त्याने अंगठा नाकाशी नेला. मग पुन्हा नेला.

"वहिनी, हे तेल."

"तुझंच असेल. तुझ्या दुकानात तेलाशिवाय आहे काय?"

"माझं तेल काळं आणि वासाला घाण. हे बघा, पाण्यासारखं पातळ, पांढरं, आणि याला वास नाही." त्याने अंगठा तिच्यासमोर धरला. "हे मशिनचं तेल आहे. शिलाई मशिनचं."

मावशीने आपलं बोट त्या चकाकीवरून फिरवलं आणि नाकाशी नेलं. वास नव्हता.

मावशीला रविवार आठवला. एकच नाही, सगळे. लांब नाकाची तेलाची डबी, शिलाईतून उरलेल्या चिंध्या आणि अंगणात उभी फटफटी. मावशी शाळेत तीन वर्षं गेली असेल नसेल, पण मशिनने तिला जे शिकवलं ते पक्कं होतं. कुरकुरलं की तेल. दाराची बिजागरी, कात्रीचा खिळा, मशिनचं चाक, सगळ्याला तेच औषध. म्हणून गेल्या थंडीत फटफटीचं मागचं चाक थांबताना कुईकुई करायला लागलं, तेव्हा तिने ब्रेकची दांडी जिथे आत जाते तिथे डबीचं नाक घातलं आणि चार थेंब सोडले. पुढच्या रविवारी पुन्हा कुई आली, मग आठ थेंब. मग कुई बंद झाली. मावशीला किती समाधान वाटलं होतं! आणि बंद झाली तरी ती दर रविवारी घालत राहिली, दुखणं उलटू नये म्हणून.

"कुरकुरत होतं," ती म्हणाली.

"अहो, ब्रेकने घासायलाच पाहिजे. घासणं हेच त्याचं काम. थोडी धूळ होती आत, झटकली असती तर संपलं असतं. तुम्ही तेल देऊन त्याला गप्प केलंत. गप्प बसला म्हणून बरा झाला असं नसतं." मिस्त्रीने सुनेकडे बघितलं. "पोरी, तू या गाडीवर पुलावरून गठ्ठे घेऊन जात होतीस?"

"बुधवारी आणि शनिवारी," सून म्हणाली.

"तुला कळलं नाही ब्रेक गेलाय ते?"

तेव्हा सून हसली.

"कळलं नाही? तीन वेळा सांगितलं मी. पहिल्यांदा म्हणाल्या तुझ्या पायात जोर नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या चपला बदल. तिसऱ्यांदा मी रस्त्यात पडून सांगितलं. रक्त येत होतं तेव्हा. चौथ्यांदा आत्ता, पूल चढताना सांगणार होते, तर पुन्हा तेच अंगण वाकडं." तिने हेल्मेट मिस्त्रीच्या बाकावर ठेवलं आणि खिशातली किल्ली त्यात टाकली. "अंगण वाकडंच होतं, सासूबाई. आणि ते तुम्ही वाकडं केलं होतंत."

सासूबाई. सात वर्षांत ती आईच म्हणत आली होती.

"अगं, मी मुद्दाम का..."

"मुद्दाम नाही, माहिती आहे. तुम्ही मुद्दाम काहीच वाईट करत नाही. तुमच्याकडून ते आपोआप होतं. मी मेले असते तरी तुम्ही गणवेशच आधी उचलले असते."

"तोंड सांभाळ!"

"सांभाळलं. सात वर्षं सांभाळलं. मी घरी जाते. गणवेश शिवीन, तुरपाई करीन, सगळं करीन. ही गाडी मी चालवणार नाही. तुमची आहे, तुम्ही चालवा."

आणि ती निघून गेली, पुलाच्या सावलीतून, हात हलवत, मोकळी. मावशीला तिच्यामागे ओरडायचं होतं. शब्द सगळे जिभेवर होते, धार लावलेले. मिस्त्री ड्रम पुसत बसला, इतका मन लावून की जणू त्याला कानच नव्हते.

"बघतोस काय?" मावशी त्याच्यावर खेकसली. "दुरुस्त कर! पाचही. उद्याच्या उद्या!"

उद्याच्या उद्या काही झालं नाही. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत दोन मशिनं समोरासमोर चालली आणि त्यांच्यात फक्त दोरा तुटल्याचा आवाज. सून वेळेवर चहा करायची, कप ठेवायची, "घ्या" म्हणायची. मावशीने भांडण काढून बघितलं. कॉलर वाकडी झाली म्हणाली. सुनेने उसवून दिली. मीठ जास्त झालं म्हणाली. सुनेने पाणी पुढे केलं. भांडायलाही समोर भिंत लागते, चेंडू परत यायला. इथे चेंडू जायचा तो जायचाच.

बुधवारचे गणवेश मावशी स्वतः पाठीवर घेऊन गेली. अर्ध्या पुलावर बसली. उतरणीवर उभं राहून तिने खाली बघितलं. केवढा उतार! शेवटी वळण आणि वळणापाशी रहदारी. सुनेच्या पायाखाली ब्रेक नव्हता आणि ही आठवड्यातून दोनदा इथून खाली जात होती, पुढच्या एका ब्रेकवर, जीव मुठीत धरून. आणि घरी येऊन कणीक मळत होती. मावशीला इतका राग आला की तिने पुलाच्या कठड्यावर हात आपटला. राग कुणावर, हे कठड्याला काय सांगणार? हात मात्र दोन दिवस दुखला. घरी येऊन तिने तेलाची डबी उचलली, कचऱ्यात टाकली, आणि मशीन कशावर चालवणार म्हणून पुन्हा काढली. डबीला दोन शिव्या दिल्या. डबी काय बोलणार, तिलाही सवय होती.

दुसऱ्या तपासणीला फटफटी मिस्त्रीने चालवत नेली, मावशी मागे, मांडीवर सुनेचं हेल्मेट. नवं टायर, नवं बटण, नवे लायनर, हँडल लोण्यासारखं फिरणारं, हेडलाइट खाली मान घालून. तोच तपासनीस. त्याने चाक रोलरवर घेतलं, पॅडल दाबलं, आणि काटा असा उसळला की मिस्त्रीने मांडीवर थाप मारली.

"पास," तपासनीस म्हणाला. "फक्त एक रकाना भरायचाय. लाल शिक्का होता म्हणून. दोष कशामुळे झाला ते मालकाने लिहायचं."

"मी सांगतो," मिस्त्री घाईने म्हणाला. "लिहा, जुनं सील फुटून तेल आत झिरपलं. होतं असं."

त्याचा हेतू चांगला होता. मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला. "आण इकडे पेन. माझ्या गाडीचं कारण मी लिहीन."

तिला लिहायला वेळ लागायचा. एकेक अक्षर काजं करावीत तसं, जपून. रांग थांबली. मागचा कुणीतरी उसासा टाकून बघत होता. तिने लिहिलं: तेल मी ओतलं. चालवणारीची चूक नाही.

"दुसऱ्या वाक्याची गरज नाही," तपासनीस म्हणाला.

"तुम्हाला नसेल."

त्याने चष्म्यातून तिच्याकडे बघितलं, शिक्का मारला आणि एक प्रत फाडून दिली.

तो कागद मावशीने घडी न घालता घरी आणला आणि सुनेच्या मशिनवर, सुईच्या अगदी पुढ्यात ठेवला. मग पाठ करून उभी राहिली, दोरे लावत. लावलेलेच दोरे पुन्हा लावत. तिच्या हिशेबाने फिटलं होतं. सरकारी कागदावर, शिक्क्यासकट, आपल्या हाताने लिहून दिलं. याहून जास्त कुठली सासू देते?

मशीन थांबलं. सुनेने वाचलं. बराच वेळ वाचलं, दोन तर ओळी होत्या.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. पण मी कागदावर नव्हते पडले. कोपऱ्यावर पडले होते."

आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मावशीने हातातला दोरा टाकला, दाराबाहेर आली, तिथे फटफटीजवळ मिस्त्री चहाची वाट बघत उभा होता. त्याला बाजूला सारून ती तरातरा कोपऱ्यावर गेली. नेमकी त्या जागी, गटाराच्या झाकणाशी, उभी राहिली.

"ए न्हाव्या! बाहेर ये. वस्तरा ठेव आधी, नाहीतर गिऱ्हाइकाचा कान कापशील. आणि तू गं, वरची, खिडकी उघड. उघड, उघड, मला माहिती आहे तू मागेच उभी आहेस. त्या दिवशी तमाशाला सगळे होतात, आज कुठे मेलात?"

न्हावी आला, त्याच्या मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं. खिडकी उघडली. चांभाराने मान वर केली.

"दीड महिन्यापूर्वी माझी सून इथे पडली," मावशी गरजली. भांडायला आल्यासारखी कमरेवर हात. "मी म्हणाले हिला चालवता येत नाही. तुम्ही हसलात. ब्रेकमध्ये तेल मी ओतलं होतं! मी! सहा महिने, दर रविवारी, या हाताने. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. तिच्यासारखी गाडी या गल्लीत कुणाला येत नाही, ब्रेक नसताना पूल उतरून दाखवावा एकाने! झालं? ऐकलंत?"

न्हाव्याचं गिऱ्हाईक साबण पुसायला विसरलं.

चांभाराला मात्र कमी ऐकू यायचं. त्याने न्हाव्याला कोपराने ढोसलं आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने विचारलं, "काय म्हणतेय कात्री?"

न्हाव्याने डोळे मिटले. चाळीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडावर कुणी घेतलं नव्हतं.

मावशी लाल झाली. काळी झाली. मग छाती भरून घेतली आणि चांभाराच्या कानाशी वाकून सगळ्या गल्लीला पुलापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली:

"माझं चुकलं म्हणतेय!"

"हां," चांभार म्हणाला. "मग असं सांग की." आणि टाच ठोकायला लागला.

मावशी वळली तर दुकानाच्या दारात सून. किती वेळ उभी होती कोण जाणे. तोंडावर राग होता, तो काही एका आरोळीने जाणारा नव्हता, आणि मावशीला ते कळत होतं. मोठी शिलाई उसवायलाही वेळ लागतो. पण सुनेच्या खांद्यावर गणवेशांचा गठ्ठा होता, आणि डोक्यावर हेल्मेट. तिने मिस्त्रीपुढे हात केला. मिस्त्रीने किल्ली ठेवली.

"बसा मागे," ती मावशीला म्हणाली. "गठ्ठा धरायला कुणीतरी हवं. आज शनिवार आहे."

मावशी बसली. फटफटी सुरू झाली, फटफट आवाज जुनाच. सुनेने सुसाट सोडली, आणि न्हाव्याच्या कोपऱ्यावर, अगदी त्या झाकणापाशी, पाय असा काही दाबला की चाक जागच्या जागी थांबलं आणि मावशीचं नाक गठ्ठ्यासकट हेल्मेटवर आदळलं.

"अगं ए! मारतेस का काय?"

"ब्रेक बघितला, आई."

मावशीने नाक चोळलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, नाकावर आपटलं की येतंच.

"लागला ना?"

"लागला."

"मग चल आता पुढे. आणि त्या न्हाव्याकडे बघू नकोस, हसतोय मेला."